शिवलेल्या बाह्या

तळ्याचीवाडी, ता. कंधार
१२ जानेवारी २०२४

बबिता पोरी, तुला आशीर्वाद.

मी तनुजाची आई, रुक्मिणबाई. निलंग्याला सासरी तिच्या तेराव्याला तू भिंतीला टेकून उभी होतीस आणि तुला कोणी चहा विचारला नव्हता. मीही नाही. तो राहिलाय.

हे मी सांगतेय आणि आमच्या टपालाच्या सुकन्याबाई लिहितायत. मला अक्षर येत नाही. सुकन्या माझं बोलणं धुऊन वाळवून लिहिते, तरी कुठं कुठं डाग राहतील, ते माझे समज. तुला ऐकू येत नाही, मला वाचता येत नाही. देवानं जोडी बरी जमवली. फोनवर लिहून धाडता आलं असतं, पण आमच्या घरात तसला फोन एकच, तो माझ्या सुनेच्या, सिंधूच्या हातात असतो. तिला हे पत्र कळू द्यायचं नाही.

तर काम असं. तनुजाची भार्गवी माझ्यापाशी आहे. सव्वा वर्षाची झाली. बाप साखर कारखान्यावर; गाळप चालू, सुदर्शनला स्वतःच्या आंघोळीला सवड नाही, लेकराला कधी घालणार? लेकरू चालतं, खातं, रडत नाही. न रडणंच मला पटत नाही. बोलत तर नाहीच. पण हात करते.

तुझे हात तनुजानं तिला शिकवले हे मला ठाऊक आहे. दिवाळीला आली होती तेव्हा दाखवत होती. मूठ दाबली की दूध, बोटाला बोटं लावली की अजून. मी लई चेष्टा केली. म्हणलं, "अगं, तुझ्या मावशीला सहा लेकरं झाली, एकानं अर्ज केला न्हाई, सगळी बोंबलून दूध प्यायली." तर म्हणली, "आई, लेकराच्या तोंडाआधी त्याचे हात पिकतात." म्हणलं, पिकू दे, लोणचं घालू. त्यावर हसली. ते शेवटचं हसणं, मी बघितलेलं.

आता मला दूध कळतं, अजून कळतं, पुरे कळतं. एक कळत नाही.

ती मूठ डोक्याच्या वर नेते आणि बोटं खाली उघडते. मिटते, उघडते. आणि हे कधी, तर कोणी आडवं झालं की. मी दुपारी पाठ टेकली की येऊन माझ्या तोंडावर मूठ उघडते. शेजारचे किशनराव खाटेवर पडून होते, त्यांच्यावर उघडली. ते दुसऱ्या दिवशी गेले. नव्वदीचं माणूस, किती दिवसांपासून यमाला घराचा रस्ता सांगून राहिलं होतं. पण नाव लेकराचं झालं. बाया म्हणतात, ही ज्याच्यावर हात उघडते त्याचा जीव सोडवते. आईचा पण हिनंच सोडवला म्हणे.

सिंधू पोटुशी आहे. आधीची दोन पोटात असतानाच गेलीत. काल ती आडवी झाली आणि भार्गवी तिच्या उशाशी जाऊन उभी राहिली, मूठ वर. सिंधू अशी किंचाळली की तुलासुद्धा ऐकू गेलं असतं.

तनुजा गेली त्या दिवशी तू शेजारी, भिंतीपलीकडं होतीस, त्याचं मी विचारत नाही. एवढंच सांग, त्या मुठीचा अर्थ काय?

रुक्मिणबाई
(सुकन्या म्हणते पत्राला अंगठा लागत नाही. मी लावलाच.)


लातूर
२४ जानेवारी २०२४

आदरणीय काकूंना बबिताचा नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. मी मराठी शाळेत, पुस्तकातून शिकले. ऐकलेली नाही. म्हणून माझी भाषा कोरडी वाटेल. तुमच्या पत्रातला 'लई' शब्द मला ठाऊक होता, कारण तनुजा तो ओठांनी म्हणायची आणि दोन्ही हात लांब पसरायची.

ती मूठ म्हणजे काही नाही. खेळ आहे. तनुजा तिला गच्चीवर चांदण्या दाखवायची. चांदणी लुकलुकते तशी मूठ उघडायची आणि मिटायची. लहान मुले एक खेळ सगळीकडे खेळतात. त्यात मोठा अर्थ काढू नये, असे घरी सांगा.

तनुजाला माझी भाषा फार लवकर आली. शेजारी राहायला आली तेव्हा पाटीवर खडूने लिहून बोलायची. नंतर पाटी भार्गवीने मोडली आणि आम्हाला ती लागलीही नाही. तिचे हात कधी कधी चुकायचे. एकदा तिला 'पाऊस येईल' म्हणायचे होते आणि ती 'सासू येईल' म्हणाली. आम्ही खूप हसलो.

सोबत दोन झबली पाठवते आहे. थंडी आहे म्हणून बाह्या लांब ठेवल्या आहेत. शिवण आतून मऊ आहे, टोचणार नाही.

चहाचे मनात ठेवू नका. त्या दिवशी मला तो गिळता आला नसता.

बबिता


तळ्याचीवाडी
९ फेब्रुवारी २०२४

बबिता,

चांदणी म्हणे! अगं, भर दुपारी कुठली चांदणी? माझ्या खाटेच्या वर छपराचे पत्रे आहेत. तुला खोटं बोलता येत नाही पोरी. बोलायलाच आलं नाही तर खोटं तरी कुठून येणार? रागावू नको. म्हातारीच्या जिभेला लगाम नाही, सुकन्या लिहायला तयार नव्हती, मीच लिहायला लावलं.

पण तुझं खोटं मी इमानानं घरात सांगितलं. तिथंच घात झाला. म्हणलं, "सिंधू, घाबरू नको, लेकरू चांदणी दाखवतंय." सिंधू पांढरी फटक पडली. म्हणली, "आत्याबाई, मेलेली माणसंच चांदणी होतात की वो." लहानपणापासून आपणच सांगतो ना लेकरांना, आजा चांदणी झाला, काकी चांदणी झाली. म्हणजे भार्गवी नुसता जीव सोडवत नाही, कोण कुठं जाणार ते पण दाखवते. गावाला एवढं बस झालं.

तुझी झबली लई देखणी. सिंधूनं दोन्हींच्या बाह्या पुढून शिवून टाकल्या.

उशीच्या अभ्र्यात हात घातल्यागत लेकरू फिरतंय. घास मी भरवते. दूध मागायचं म्हणून बाही दाबते, तर कापडाचा गोळा नुसता हलतो. पडली तर हात टेकता येत नाही, सरळ तोंडावर पडते. ओठ फुटलाय.

तू म्हणशील, म्हातारे, उसवत का नाहीस? सिंधूच्या पायाला सूज आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला निजून राहायला सांगितलंय. म्हणजे ती दिवसभर आडवी, आणि लेकरू दिवसभर घरात. माझा लखन म्हणतो, "आई, एवढं पोट हातात येऊ दे, मग काय करायचं ते कर." सिंधू वाईट नाही. घाबरलेली आहे. एक लेक जाळून आलेय मी. आता सुनेचं पोट एका पारड्यात आणि लेकीचं लेकरू दुसऱ्यात, आणि तराजू माझ्या हातात दिलाय सगळ्यांनी.

लखननं सुदर्शनला फोन केला की पाडवा झाला की पोरीला घेऊन जा. तर बाप म्हणला, "माझ्या घरी पण आडवी पडणारी माणसं हायत." मग नांदेडच्या एका आश्रमाचं बोलणं निघालं. तिथं अनाथ लेकरं ठेवतात. बाप, मामा, आजी जितीजागती, आणि लेकरू अनाथ.

म्हणून पुन्हा विचारते. आता खरं सांग. कडू असलं तरी चालेल, मला गोडाचं कधी फार नव्हतं.

रुक्मिणबाई


लातूर
१६ फेब्रुवारी २०२४

काकू,

बाह्या उसवा. हे पत्र वाचून होईपर्यंत थांबू नका. आधी उसवा.

मी लहान असताना हात हलवले की काका माझे हात माझ्याच ओढणीने बांधायचे. चार माणसांत लाज वाटते म्हणायचे. जेवताना सोडायचे. मला तहान लागली आहे हे तेव्हा मी कोणाला सांगू शकत नसे.

चांदणी नाही. ती मूठ म्हणजे दिवा.

माझ्या खोलीत शिलाई मशीनच्या वर भिंतीवर एक लाल दिवा आहे. त्याचे बटण तनुजाच्या खोलीत होते. दार वाजवले तर मला कळत नाही, म्हणून तिने वायर ओढून घेतली होती. मी हवी असले की ती भार्गवीला कडेवर घ्यायची, मूठ वर नेऊन उघडायची, म्हणजे 'दिवा', आणि भार्गवी बटण दाबायची. दिवा लागला की मी जायची. मला दारात पाहून भार्गवी टाळ्या वाजवायची. तिला वाटायचे, तीच मला पेटवते.

म्हणून तिच्यासाठी त्या मुठीचा अर्थ एवढाच आहे. दिवा लावा. मावशी येईल.

आता त्या दिवसाचे. तुम्ही विचारले नाही, तरी लिहिते, कारण त्याशिवाय मूठ समजणार नाही.

तनुजा सकाळी पडली. डोक्यातली नस फुटली, असे डॉक्टर म्हणाले. सुदर्शन संध्याकाळी आला आणि त्याने मला हाताला धरून नेले. तोपर्यंत मी दिवसभर मशीनवर होते. लग्नाचे कपडे होते. मी सतत दिव्याकडे पाहते, ती माझी सवय आहे. दिवा लागला नाही, म्हणून मी निर्धास्त होते. मला वाटले, दोघी झोपल्या असतील.

बटण माझ्या खांद्याइतके उंच आहे. मूल कडेवर असेल तरच त्याचा हात पोचतो.

मी आत गेले तेव्हा भार्गवी आईच्या उशाशी उभी होती. मूठ वर. उघडत होती आणि मिटत होती. तिचा आवाज बसला होता असे सुदर्शन म्हणाला. म्हणजे ती आधी रडली असणार. ते ऐकायला भिंतीपलीकडे मी होते. मला पाहून ती थांबली नाही. माझ्याकडे पाहून आणखी वेगाने मूठ उघडू लागली.

ती कोणाचा जीव सोडवत नाही. पडलेले माणूस दिसले की मदत मागते.

चांदणी म्हणून मी लिहिले, कारण खरे लिहिले असते तर तुम्हाला कळले असते, की त्या दिवशी ती दिवसभर मला बोलावत होती.

बबिता


तळ्याचीवाडी
५ मार्च २०२४

बबिता,

सुकन्यानं 'बाह्या उसवा' एवढं वाचलं आणि मी उठले. म्हणलं, अक्षरावर बोट ठेवून थांब तिथंच. ब्लेडनं उसवल्या. तुझी शिवण राखली, सिंधूची कापली. आतले हात पांढरे, सुरकुतलेले निघाले, लई वेळ पाण्यात राहिल्यागत. मग लेकरू मांडीवर घेऊन बाकीचं ऐकलं. मध्येच सुकन्याला वाचवेना. मी म्हणलं, "वाच बाई, सरकार तुला पगार देतं." तिनं वाचलं. मी मात्र फुकट ऐकलं.

दाराशी सिंधू उभी होती, हे आम्हाला नंतर दिसलं. तिनं सगळं ऐकलं.  जाऊन निजली आणि भिंतीकडं तोंड केलं.

मला बाजारात वांगंसुद्धा दाबून घ्यायची सवय. तू लिहिलंस ते खरंच, तरी डोळ्यानं बघावं म्हणलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मेल्याचं सोंग घेतलं. वठलं बरं का. या वयात थोडा सराव पाहिजेच. खाटेवर नाही, जमिनीवर पडले, हात पसरून. एक डोळा बारीक उघडा.

भार्गवी आली. उशाशी उभी राहिली. आता उघडेल, मग उघडेल, म्हणून मी वाट बघून राहिले. हात मोकळे होते तिचे. वर गेले नाहीत. तिनं माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. मग माझ्या कुशीत आडवी झाली. माझा पदर ओढून दोघींवर घेतला आणि गप पडून राहिली. डोळे टक्क उघडे.

मला उठवेना. सोंग कधीच सरलं होतं.

बबिता, माझी लेक दिवसभर उठली नाही, तरी या लेकरानं संध्याकाळपर्यंत हात खाली घेतला नव्हता. तिथं तिची आस सुटली नाही. ती आमच्यात येऊन सुटली. दूध मागत नाही, अजून मागत नाही. देईल ते खाते. गाव म्हणतं, बघा, बाह्या शिवल्यानं गुण आला. लखन म्हणतो, आता आश्रमात पण घेतील, शहाणी झाली.

तू मनाला लावून घेतलंस की तिनं तुला बोलावलं आणि तू गेली नाहीस. मी म्हणते, अख्ख्या जगात तिला बोलवावंसं वाटलं असं माणूस तू एकटीच. आम्हाला तर ती बोलावतसुद्धा नाही.

तू ये. चहा ठेवते.

रुक्मिणबाई


लातूर
१४ मार्च २०२४

काकू,

मी आले तर ती मला ओळखेल. मला त्याचीच भीती वाटते.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. कंधारला उतरून पुढे जीप मिळते, असे सुकन्याबाईंनी पत्राच्या कडेला लिहिले होते. त्यांना धन्यवाद सांगा.

भिंतीवरचा दिवा काढला आहे. वायर आणि बटणही. घरमालक म्हणाला, भोके बुजवून दे. बुजवली. सगळे पिशवीत घालून आणते.

बबिता


तळ्याचीवाडी
२ एप्रिल २०२४

बबिता पोरी,

तू सुखरूप पोचलीस हे सुकन्याच्या फोनवर तुझा निरोप आला तेव्हा कळलं. तू गेल्यावर इथं काय काय झालं ते सांगते. तू असतानाचं पण सांगते, कारण तेव्हा तुझे डोळे भरलेले होते, तुला नीट दिसलं नसणार.

तू दारात उभी राहिलीस. भार्गवीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती चालत तुझ्यापाशी गेली आणि तुला मारलं. गुडघ्यावर, मग तू खाली बसलीस तेव्हा तोंडावर, छातीवर, दोन्ही मुठींनी. तू हात धरला नाहीस तिचा. लखन सोडवायला उठला, त्याला मी खाली बसवलं. म्हणलं, राहू दे, त्यांचं बोलणं चाललंय. आणि मग ती रडली. आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा. केवढा आवाज! गल्लीतली कुत्री उठली. तुला ऐकायला यावं असं लई वाटलं मला. सगळ्यांना ऐकायला आलं, तुझं तेवढं राहिलं.

बटण तू बसवून घेतलंस तिथंच आहे, माझ्या गुडघ्याच्या उंचीला. वायरमन हसत होता, "आज्जी, हे बटण काय कोंबडी दाबणार का?" म्हणलं, "तुला दिसंल, तुझी आई पडली की."  दिवा सिंधूच्या खोलीत लावला. तिला विचारूनच लावला. ती हो म्हणली नाही, नको म्हणली नाही. पण तू गेल्यावर तिनं त्यावर फडकं टाकलं. सकाळी मी काढायची, दुपारी ती टाकायची. आम्ही सासू-सून एका शब्दानं बोललो नाही त्यावर. भांडण करायचं तर निदान आवाजात करावं, पण या घराला आता हातानं बोलायची खोड लागलीय.

आश्रमाचं लखननं पुन्हा काढलं नाही. गिळलंय असंही नाही. पाडवा आठवड्यावर आला.

परवा ऊन फार होतं. मी खरंच दमून आडवी झाले, सोंग नाही. डोळा लागला. जाग आली तर तोंडावर मूठ होती. मिटलेली. मी श्वास धरला. बराच वेळ ती तशीच मिटलेली. मग उघडली. एकदाच.

मी अशी ताडकन उठून बसले की कंबरेत चमक निघाली. ती अजून आहे. पण तिला कळायला नको का, हात केला की माणूस उठतं म्हणून? तेव्हापासून माझी दुपारची झोप बंद. मी पाठ टेकते, ती हात करते, मी उठते. पुन्हा टेकते, पुन्हा उठते. तनुजाच्या राहिलेल्या उठण्याची भरपाई माझ्याकडून करून घेते. करीन म्हणा. अंगात आहे तोवर करीन.

एक दिवस ती हात करील आणि मी उठणार नाही, बबिता. त्याला इलाज नाही, आणि ते सोंग नसेल. तेव्हा ती बटणापाशी जाईल. हात पोचतो तिचा. रोज मी तिला दाबायला लावते, आणि रोज फडक्याखाली दिवा लागतो, आणि कोणी येत नाही. ती दाराकडं बघत बसते.

काल फडकं काढायला गेले, तर नव्हतं. खाली बघितलं, कोपऱ्यात बघितलं, कुठंच नव्हतं. सिंधू निजली होती. एवढे दिवस ती भिंतीकडं तोंड करून निजायची. काल दिव्याकडं तोंड होतं आणि डोळे उघडे होते.

 बाहेर आले आणि लेकराला म्हणलं, दाब.

रुक्मिणबाई
(खाली दोन अंगठे आहेत. बारका तिचा.)